पिवळ्या पापुद्र्यांचं यीस्ट: चवीला किती, तब्येतीला किती?

न्यूट्रिशनल यीस्टबद्दल नागपूर आणि आसपासहून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत; विचारणाऱ्याची वस्ती कंसात दिली आहे. मापं सगळीकडे एकच धरा: मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, छोटा म्हणजे ५ मिलीचा. मोठ्या चमच्यात पापुद्रे सपाट भरले तर साधारण ५ ग्रॅम बसतात. पूड असेल तर त्याच चमच्यात जास्त वजन मावतं, म्हणून पुडीचा चमचा थोडा कमीच भरावा.

मुलीनं बंगळुरूहून एक डबा आणला. आत माशांच्या खाद्यासारखे पिवळे पापुद्रे आहेत. हे पावाचंच यीस्ट का? पोटात जाऊन फुगणार तर नाही ना? (महाल)

जात तीच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. फरक एवढाच की पावाचं यीस्ट जिवंत असतं आणि हे मेलेलं. उसाच्या किंवा बीटच्या मळीवर ते वाढवतात, पूर्ण वाढ झाली की मळी धुऊन काढतात, उष्णता देऊन मारतात आणि मग तापलेल्या रुळांवर पातळ थर देऊन वाळवतात. रुळावरून खरवडून निघतात ते हे पापुद्रे. मेलेलं यीस्ट पोटात फुगत नाही, त्यानं पीठही फुगणार नाही. इडलीच्या पिठात घालून वाट बघू नका.

तोंडात किंवा योनिमार्गात होणाऱ्या बुरशीच्या संसर्गाशी याचा संबंध आहे का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. तो संसर्ग कॅन्डिडा नावाच्या वेगळ्या यीस्टमुळे होतो. डब्यातल्या मेलेल्या यीस्टमुळे तो होत नाही.

चव कळायची असेल तर चिमूटभर कोरडं जिभेवर ठेवा. आधी कागदासारखं लागेल, लाळेत विरघळायला लागलं की भाजलेल्या काजूची आणि मुरलेल्या चीजची चव येते आणि ती जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ राहते. ही चव ग्लुटामेटची. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढून या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. पिकलेल्या टोमॅटोत, मशरूममध्ये आणि जुन्या चीजमध्ये आपल्याला आवडतं तेही हेच. त्यामुळे 'यात अजिनोमोटोसारखं काही नाही' ही जाहिरात अर्धीच खरी. पांढरे दाणे वरून घातलेले नसतात हे बरोबर, पण ग्लुटामेटचा रेणू तोच असतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त खरं ते माहीत असावं.

दुकानात सुटं मिळालं आणि शंका आली तर घरी तपासता येतं. अर्धी वाटी कोमट पाण्यात १ छोटा चमचा साखर आणि १ छोटा चमचा यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर फेस धरला तर ते बेकरीचं जिवंत यीस्ट आहे, वरून भुरभुरवायचं नाही. नुसतं तळाशी बसून पाणी पिवळसर झालं तर मेलेलं. तरीही आमचा आग्रह बंद डब्याचाच. सुट्या मालावर लेबल नसतं, आणि या पदार्थात अर्धी गोष्ट लेबलवरच असते. ती पुढे येईलच.

बेकरीचं यीस्ट इतवारीत स्वस्त मिळतं. तेच तव्यावर भाजून वापरलं तर? (गोधनी रोड)

करू नका. बारीक दाण्यांचं कोरडं यीस्ट तव्यावर सारखं तापत नाही. कडेचे दाणे जळतात आणि मधले जिवंत राहतात. जिवंत यीस्ट पोटात गेलं की गॅस धरतो, शिवाय काही ब जीवनसत्त्वं ते स्वतःच धरून ठेवतं, शरीराला देत नाही. चवही कडवट आणि कच्च्या कणकेसारखी लागते. आणि जीवनसत्त्वं वरून घातलेली नसतातच. इतक्या खटाटोपातून हाती काहीच येत नाही.

याच ओघात दोन शेजारची नावं. ब्रूअर्स यीस्ट म्हणजे बिअर बनवताना उरलेलं यीस्ट. ते कडू असतं आणि जवाशी संबंध आल्यामुळे ग्लुटेन चालत नसणाऱ्यांनी टाळावं. मार्माइटसारखा काळा लगदा म्हणजे यीस्टचा अर्क. तो खूप खारट असतो आणि पापुद्र्यांच्या मापानं घातला तर भाजी फेकायची वेळ येते.

वडील ५८ वर्षांचे, शाकाहारी, दहा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात. तळपायांना मुंग्या येतात. एका ओळखीच्यांनी सांगितलं की रोज एक चमचा न्यूट्रिशनल यीस्ट खा, बी-१२ ची गोळी लागणारच नाही. खरं का? (धंतोली)

खरं नाही. या अंकातला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा असल्यामुळे सविस्तर लिहितो.

यीस्ट स्वतः बी-१२ बनवत नाही. ते बनवतात काही जिवाणू. डब्यावर बी-१२ लिहिलेलं असेल तर ते कारखान्यात वरून घातलेलं असतं. ज्या डब्यात घातलेलं नाही, त्यातून बी-१२ जवळजवळ काहीच मिळत नाही, चव आणि रंग मात्र तसाच असतो. म्हणून डबा उलटा करून दोन गोष्टी बघा. घटकांच्या यादीत 'सायनोकोबालामिन' हा शब्द आहे का, आणि पोषणाच्या तक्त्यात बी-१२ चा आकडा आहे का. दोन्ही नसतील तर त्यात बी-१२ नाही असंच धरा.

आकडा असेल तर तो कशाला मोजून दिला आहे हे बघा. तक्ता बहुधा १०० ग्रॅमचा असतो, आणि आपण खातो ५ ग्रॅम. समजा १०० ग्रॅममध्ये ४४ मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर एका मोठ्या चमच्यात २.२ येतात. मोठ्या माणसाची रोजची गरज सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे निरोगी माणसाला एवढं पुरेल. पण ज्याच्या शरीरातला साठाच संपला आहे त्याला रोजच्या गरजेएवढं देऊन साठा भरत नाही. तिथे डॉक्टर १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा इंजेक्शन देतात. कारण असं की पोटातून बी-१२ आत घेणारी जी मुख्य यंत्रणा आहे ती एका जेवणाला दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या पुढे नेऊ शकत नाही. त्याहून जास्त असेल त्यातला साधारण शंभरातला एक भाग तेवढा आपोआप आत झिरपतो. १००० च्या गोळीतून १० मिळतात ते असे. यीस्टमधून तेवढा डोस घ्यायचा तर वरच्या हिशेबानं एका दिवसाला सव्वादोन किलो लागेल.

आता वडिलांबद्दल. शाकाहार, वय आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन, ही तिन्ही बी-१२ कमी होण्याची कारणं आहेत. मुंग्या मधुमेहामुळे असू शकतात, बी-१२ मुळे असू शकतात, दोन्हींमुळेही असू शकतात. तळपायाला हात लावून हे कळत नाही, रक्त तपासून कळतं. सीरम बी-१२ ची तपासणी यीस्ट किंवा गोळी सुरू करण्याच्या आधी करा. आधीच खायला लागलात तर आकडा वर दिसतो आणि निदान अवघड होतं. एका मिलीमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता पक्की, थोडं वर असेल आणि लक्षणं असतील तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतील. नसांचं नुकसान फार दिवस राहिलं तर पूर्ण भरून येत नाही. यीस्टवर भरवसा ठेवून सहा महिने वाट बघणं हा यातला सगळ्यात महागडा पर्याय आहे. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

यीस्ट आणि रक्त यांच्या नात्याचा एक धडा मुंबईत घडला आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांमध्ये रक्तपेशी मोठ्या होऊन ॲनिमिया का होतो, हे तिला शोधायचं होतं. १९३१ मध्ये तिनं दाखवून दिलं की यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिला की हा ॲनिमिया बरा होतो. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलेट म्हणून ओळखला गेला. गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप. बी-१२ हा वेगळा पदार्थ, तो १९४८ मध्ये हाती लागला. फॉलेट यीस्टमध्ये मुळातच भरपूर असतं, बी-१२ नसतं. दोन्हींच्या कमतरतेत रक्तपेशी सारख्याच मोठ्या दिसतात, म्हणून गल्लत होते. आणि नुसतं फॉलेट भरपूर मिळालं तर रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन छान दिसतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

सून चार महिन्यांची गरोदर आहे. शाकाहारी. तिला द्यावं का? (प्रतापनगर)

जेवणात चवीपुरतं, दिवसाला एखादा मोठा चमचा, द्यायला हरकत नाही. पण वर लिहिलं ते तिला अधिकच लागू आहे. फॉलिक ॲसिडची गोळी गरोदरपणात चालू असतेच, बऱ्याच डब्यांत वरून फॉलिक ॲसिडही घातलेलं असतं, आणि बी-१२ चं कोणी विचारत नाही. पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी फॉलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आढळलं. पुढच्या तपासणीला गेल्यावर सुनेचं बी-१२ तपासायला सांगा. गोळ्या आहेत त्या चालू राहू द्या.

मुलाला सिकलसेल आहे. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू आहे. यीस्टनं रक्त वाढेल का? (उमरेड)

सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी पडतं. ते यीस्टनं थांबत नाही. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड दोन्ही ठरल्याप्रमाणे द्या. जेवणात चव म्हणून यीस्ट चालेल. एक गोष्ट लक्षात ठेवा: हायड्रॉक्सीयुरियामुळे रक्तपेशींचा आकार तसाही वाढतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये पेशी मोठ्या दिसल्या म्हणून बी-१२ कमी आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. मूल दूध-अंडी फारसं खात नसेल तर बी-१२ वेगळं तपासून घ्यावं लागतं, हे डॉक्टरांशी बोला.

तर्री पोह्यांवर घालून पाहिलं. एकदा कडू झालं, एकदा पोहे चिकट झाले. कुठं चुकलं? (सीताबर्डी)

दोन वेळा दोन वेगळ्या चुका झाल्या. कडू झालं तेव्हा तुम्ही ते फोडणीत घातलं असणार. पापुद्रा कागदाहून पातळ असतो, तापल्या तेलात तो मोहरी तडतडायच्या आत करपतो. चिकट झाले तेव्हा वाफ आणायच्या आधी घातलं असणार. झाकणावरचं पाणी थेंब थेंब खाली पडतं, पापुद्रे ते पितात आणि पोह्यांवर लुकण बसतं.

चार जणांसाठी २५० ग्रॅम जाड पोहे घ्या. नेहमीसारखे करा, फक्त मीठ पाव हिश्शानं कमी टाका. वाफ आली की आच बंद करा आणि झाकण काढून दोन मिनिटं थांबा, म्हणजे वरचं पाणी उडतं. मग २ मोठे चमचे यीस्ट उंचावरून सगळीकडे भुरभुरा आणि उलथन्यानं खालून वर एकदाच परता. लिंबू आणि कोथिंबीर त्यानंतर. तर्री ताटात वरून. तर्रीच्या पातेल्यात यीस्ट घालू नका. तिखट, खडा मसाला आणि वरचा तेलाचा तवंग यांच्यापुढे त्याची चव उरत नाही.

हेच कारण सावजी रश्शाला लागू. सावजीत घातलेलं यीस्ट वाया जातं, हे आमचं स्पष्ट मत आहे. जिथे मसाला कमी आणि पदार्थाचं अंग गोडसर किंवा भाजकं, तिथे ते खुलतं: वांग्याचं भरीत, साधं वरण, पालक, मक्याचं कणीस, भाजलेले बटाटे, टोमॅटोचं सार. झुणक्यातही चांगलं, कारण बेसनाच्या भाजक्या चवीला ते जोड देतं. दोन वाट्या झुणक्याला १ मोठा चमचा, आच बंद केल्यावर. भरितात तेल-कांद्याच्या आधी, वांगं गरम असतानाच घोटून टाका, म्हणजे धुराच्या वासाबरोबर मुरतं.

वरणात टाकलं तर गुठळ्या होऊन राहिल्या. (नंदनवन)

तुमच्याकडे पूड असेल. उकळत्या वरणात पुडीचा ढीग पडला की बाहेरचा थर भिजून चिकट होतो आणि आत कोरडं राहतं. ती गुठळी मग कितीही घोटली तरी फुटत नाही. वाटीत १ मोठा चमचा यीस्ट आणि ३ मोठे चमचे कोमट पाणी घेऊन पेस्ट करा, गॅस बंद केल्यावर वरणात ओता आणि रवीनं घुसळा. पापुद्रे असतील तर पेस्टची गरज नाही, ते गरम वरणात आपोआप विरतात. आचेवर फार वेळ उकळत ठेवलं तर चव दबते आणि थोडी जीवनसत्त्वंही जातात.

मक्याच्या लाह्यांवर मुलांना हवं असतं, पण सगळं यीस्ट भांड्याच्या तळाशी जमतं. (मनीषनगर)

कोरड्या लाहीला कोरडं यीस्ट चिकटणार कसं? ५० ग्रॅम मक्याचे दाणे फोडले की साधारण चार जणांचं होतं. २ मोठे चमचे पापुद्रे आणि पाव छोटा चमचा मीठ मिक्सरच्या लहान भांड्यात दोन झटके देऊन बारीक करा. मीठही बारीक झालं की कमी लागतं. लाह्या मोठ्या पातेल्यात गरम असतानाच २ छोटे चमचे तेल किंवा पातळ तूप धार धरून सोडा, झाकण लावून पातेलं हलवा. मग पूड दोन हप्त्यांत टाका आणि प्रत्येक वेळी हलवा. तेलाआधी पूड गेली तर ती तळाशी जाते आणि नंतर तेलात भिजून लगदा होतो, तुमच्याकडे तेच होत असावं. पाणी शिंपडू नका, लाही मऊ पडते. ज्वारीच्या लाह्यांवरही हे जमतं, त्या नाजूक असल्यामुळे तेल एकच चमचा.

कोरड्या चटणीचंही विचारलं आहे. १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, ८-१० लसूण पाकळ्या, २ छोटे चमचे तिखट, १ छोटा चमचा मीठ, २ मोठे चमचे यीस्ट. लसूण कच्चा घातला तर त्याच्या ओलीनं यीस्ट गोळा होतं. पाकळ्या चिरून मंद तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. यीस्ट शेवटी, मिक्सरमध्ये नाही, हातानं मिसळा.

मुलगा दूध-चीज खात नाही. पास्त्यासाठी काजूचा सॉस सांगतात, पण काजू परवडत नाही. बटाट्याचा केला तर खळीसारखा झाला. (रामदासपेठ)

मिक्सरचं पातं बटाट्याच्या पेशी फोडतं, आतलं स्टार्च बाहेर पडतं आणि ताणला जाणारा डिंक तयार होतो. बटाटा कुस्करून वापरता येतो, मिक्सरमध्ये नाही.

काजूऐवजी मगज, म्हणजे खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया, घ्या. कॉटन मार्केटकडच्या किराण्यात काजूपेक्षा स्वस्त मिळतं. अर्धी वाटी मगज कडकडीत पाण्यात एक तास भिजवा आणि ते पाणी ओतून द्या. मग मगज, पाऊण वाटी ताजं पाणी, ३ मोठे चमचे यीस्ट, तेलात जरा परतलेली लसणाची एक पाकळी, अर्धा छोटा चमचा मीठ आणि नखाच्या टोकाएवढी हळद दोन मिनिटं वाटा. पाच मिनिटं थांबून पुन्हा एक मिनिट वाटा. या थांबण्यात उरलेली कणी पाणी पिऊन मऊ होते, आणि सॉसचा रवाळपणा जातो तो इथेच. दुसरीकडे कढईत १ छोटा चमचा तेलात १ छोटा चमचा ज्वारीचं पीठ वास सुटेपर्यंत मंद भाजा, त्यावर वाटण ओता आणि सतत ढवळत चार-पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा. डाव बुडवून काढला की मागच्या बाजूला थर बसला पाहिजे आणि बोटानं रेघ ओढली तर ती तशीच राहिली पाहिजे. आच बंद केल्यावर १ मोठा चमचा लिंबाचा रस घाला. लिंबू आचेवर घातलं किंवा सॉस खदखदू दिला तर तो फाटल्यासारखा दाणेदार होतो. हळद चिमूटभरापेक्षा जास्त झाली तर कच्चा वास येतो आणि चीजचा भास संपतो. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो, घट्ट झाला तर चमचाभर गरम पाणी.

यात प्रथिनं ५० टक्के, म्हणजे डाळ कमी केली तर चालेल? (त्रिमूर्तीनगर)

टक्केवारी बरोबर आहे, प्रथिनाचा दर्जाही चांगला, सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यात आहेत. पण मोठ्या चमच्यातून मिळतात अडीच ग्रॅमच्या आसपास. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, तुरीच्या डाळीतून साडेसहा ग्रॅम मिळतात, आणि तेही कितीतरी कमी पैशांत. डाळ होती तेवढीच राहू द्या. मीठ कमी करायचं असेल तर मात्र हा डबा खरोखर उपयोगी आहे. बिनमिठाच्या पापुद्र्यांत सोडियम फार थोडं असतं आणि उमामीमुळे जिभेला खारटपणाची उणीव जाणवत नाही. रक्तदाब असलेल्या घरात आम्ही यीस्ट सुचवतो ते प्रामुख्यानं यासाठी. लेबलवर मीठ घातलेलं नाही ना, तेवढं बघा.

यूरिक ॲसिड वाढलेलं आहे. चालेल का? आणि आणखी कोणी टाळावं? (हिंगणा रोड)

गाऊट असेल किंवा यूरिक ॲसिड चढं असेल तर टाळा. यीस्ट झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींचं बनलेलं असतं, त्यात प्युरिन भरपूर, आणि त्याचंच शरीरात यूरिक ॲसिड होतं. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरसमुळे आधी विचारून घ्या. क्रोन्ससारखा आतड्याचा दाह असणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या रक्तात या यीस्टविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात, त्यांनी स्वतःवर प्रयोग करू नये.

औषधांचं एक ठळक सांगतो. यीस्टच्या पदार्थांत टायरामिन असू शकतं, अर्कात ते जास्त. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारी औषधं चालू असताना टायरामिन पोटात गेलं तर रक्तदाब एकदम उसळू शकतो. नैराश्यावरची काही जुनी औषधं आणि पार्किन्सन्सची सेलेजिलिन यात येतात. आपल्याकडे लक्षात न येणारं नाव म्हणजे लिनेझोलिड, जे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात महिनोन्महिने दिलं जातं. ते चालू असेल तोवर यीस्ट आणि यीस्टचा अर्क दोन्ही बंद.

बाकीच्यांनी अर्ध्या छोट्या चमच्यानं सुरुवात करावी. एकदम दोन चमचे खाल्ले तर काहींना पोट फुगल्यासारखं होतं. आठवडाभरात मोठ्या चमच्यापर्यंत यावं. अंगाला खाज, ओठांना सूज असं काही झालं तर बंद करून डॉक्टरांना दाखवावं.

खाल्ल्यापासून लघवी गडद पिवळी होते. (सदर)

ती बी-२ ची, म्हणजे रायबोफ्लेविनची. जास्तीचं बाहेर पडतं. काळजी नको. चेहरा लाल होऊन चुणचुणत असेल तर मात्र डब्यातलं नायसिन जास्त होतंय, माप कमी करा. मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर दोन्ही लेबलांवरच्या आकड्यांची बेरीज करून बघा, विशेषतः बी-६ ची. ते खूप दिवस फार जास्त घेतलं तर त्यानंही मुंग्याच येतात.

प्रतिकारशक्ती वाढते आणि कोलेस्टेरॉल उतरतं, असं डब्यावर लिहिलंय. (वर्धमाननगर)

यीस्टच्या पेशीभिंतीत बीटा-ग्लुकन हे एक प्रकारचं तंतुमय द्रव्य असतं, आणि सर्दी-खोकल्यावर त्याचे अभ्यासही झाले आहेत. पण ते वेगळं काढून मोजून दिलेल्या बीटा-ग्लुकनचे. पोह्यांवरच्या चमच्याला ते निष्कर्ष चिकटवता येत नाहीत. कोलेस्टेरॉलसाठी ज्याचा पुरावा भक्कम आहे ते ओट्समधलं बीटा-ग्लुकन, त्याची रचनाच निराळी.

जैन घरात चालेल का? उपासाला? (इतवारी)

प्राणिज काही नाही, हिरवा ठिपका असतो. पण यीस्ट ही बुरशीच्या कुळातली गोष्ट आहे आणि बरेच जैन ती वर्ज्य मानतात, तेव्हा घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा. उपासाच्या पदार्थांत ते बसत नाही.

जुलैत डबा उघडला आणि पंधरा दिवसांत ढेकळं झाली. टाकून देऊ? (दिघोरी)

वास घ्या. भाजक्या काजूसारखा वास असेल आणि ढेकळं बोटानं चुरली तर फक्त ओल शोषली आहे, वापरता येईल. आंबूस किंवा दमट कपड्यासारखा वास, मळकट रंग, ठिपके किंवा जाळी दिसली तर टाका.

नागपुरात याचे दोन शत्रू आहेत. पावसाळ्यातली ओल आणि ओट्यावरचा उजेड. बी-२ आणि बी-१२ दोन्ही उजेडानं खराब होतात. काचेच्या बरणीत खिडकीपाशी ठेवलेलं यीस्ट दिसायला सुंदर, पण त्यातलं विकत घेतलेलं जीवनसत्त्व रोज कमी होत असतं. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, गॅसपासून लांब, खालच्या फडताळात. मे महिन्यात वरच्या फळीवर हात लावून बघा आणि खालच्या फळीवर लावून बघा, फरक लगेच कळेल. मोठा डबा घेतला असेल तर आठवड्यापुरतं छोट्या डबीत काढून बाकीचं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधला डबा बाहेर काढल्याबरोबर उघडू नका. गार पापुद्र्यांवर हवेतली वाफ बसते आणि तुमची ढेकळं बहुतेक तशीच झाली असावीत. अर्धा तास बंदच बाहेर राहू द्या, मग उघडा. चमचा कोरडा हवा, आणि वाफेच्या पातेल्यावर डबा धरून भुरभुरवू नका. आधी वाटीत काढून घ्या.